नवमीचा दीड तास

पहाटे पाच चाळीसला गिझर सुरू झाला. भिंतीवरचा लाल दिवा पेटला, पाणी तापलं आणि सहाला गिझर आपोआप बंद झाला. त्या पाण्याने कुणी अंघोळ केली नाही. भालचंद्र आवटी साडेसातला उठत आणि गार पाणी अंगावर घेत. पाच चाळीस ही वेळ त्यांच्या बायकोने, शैलजाने, लावून ठेवलेली होती. ती फेब्रुवारीत गेली. आता ऑक्टोबर चालू होता. वेळ तशीच होती.

आठला मुक्ता आली. नवीन हिरवी साडी, केसांत झेंडूचं फूल. लेकीला असं नटलेलं पाहून आवटींना बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

बाथरूममध्ये हात धुऊन ती बाहेर आली. "बाबा, टाकी परत गरम. कोण अंघोळ करतं हो पावणेसहाला?"

"राहू दे."

"राहू दे म्हणजे किती दिवस?"

"चहा टाकू का?"

"विषय बदलू नका. आणि चहा नको, घाई आहे. आईची मोठी कात्री द्या. प्लांटवर पूजेत ठेवते."

त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा. शैलजा तीस वर्षं ब्लाऊज शिवत होती, आणि दर नवमीला तिची कात्री पाटावर हळदकुंकू लेऊन बसायची.

"आपल्याकडे वर्ष झालेलं नाही," आवटी म्हणाले. "सण नाही."

"तुमच्याकडे नाही. मी लग्न होऊन गेलेली. माझ्या घरी आहे सण."

"कात्री या घरातली आहे."

 मुक्ताने पर्स खांद्याला लावली. "बसा मग त्या लॅपटॉपसमोर. दहा ते साडेअकरा माझा फोन लागणार नाही. सगळ्यांचे फोन ताटात असतात, माहितेय ना?"

"माहीत आहे."

"आई असती तर तुम्हाला हाताला धरून आणलं असतं तिनं," असं म्हणून ती गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मुक्ता तासगाव रस्त्यावरच्या सिद्धराज शीतगृहात यंत्रघर सांभाळायची. शीतगृहात तालुक्याचा बेदाणा वर्षभर थंड ठेवलेला असे, आणि थंडावा यायचा अमोनियातून. अमोनिया हा वायू नाकात गेला की माणूस गुदमरतो. बंद खोलीत फुटला तर पळायलाही वेळ देत नाही. म्हणून त्याच्या पाइपा, झडपा आणि कॉम्प्रेसर यांच्यावर एक संगणक-पहारेकरी बसवलेला होता. त्याला सगळे 'पहारा' म्हणत. कोणती झडप कधी उघडते, कोण उघडतं, कोणत्या क्रमाने, हे तो शिकलेला होता. विचित्र हुकूम आला की तो अडवायचा.

पहारा बसवायचा सल्ला आवटींचाच. साखर कारखान्यात वीस वर्षं मापन यंत्रं दुरुस्त करता करता ते संगणक शिकले, आणि आता कंपन्यांना सांगत फिरायचे की तुमच्या यंत्रांत चोर कुठून शिरेल. त्यांची पद्धत साधी होती. दरवर्षी कंपनीला प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, धोक्यांची यादी द्यायची. सिद्धराजच्या यादीत त्रेचाळीस धोके होते. प्रश्न क्रमांक नऊ असा होता: पहारा कधी बंद असतो का? उत्तर गेली पाच वर्षं एकच. कधीच नाही.

कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत चोरांची रीत मात्र बदललेली होती. पूर्वी ते पासवर्ड चोरत. आता सवयी चोरत. प्रत्येक घरात, प्रत्येक कारखान्यात मिनिटामिनिटाला आकडा पाठवणारा विजेचा मीटर बसला होता. प्रत्येक उपकरण वीज आपापल्या ढंगाने ओढतं. मिक्सर सुरू होताना झटका देतो, फ्रिज ठरावीक वेळाने धडधडतो, गिझर एकदम चढतो आणि सपाट राहतो. नुसत्या आकड्यांवरून घरात काय चालू आहे हे कळतं, आणि वर्षभराच्या आकड्यांवरून घरात कोण राहतं, कधी उठतं, कधी बाहेर जातं हेही. हे आकडे चोरून विकले जात. चोरांचं यंत्र त्यांतून एक नकाशा काढायचं. त्यावर रस्ते नसायचे, माणसांचे तास असायचे. कुठल्या तासाला कोण बेसावध, ते त्यावर दिसे.

दोन महिन्यांत परराज्यातली तीन शीतगृहं अशीच फुटली होती. खंडणीखोर आधी फोडत आणि मग दुसऱ्यांना पत्र लिहीत: पुढचा नंबर तुमचा. आवटींनी सगळ्या कंपन्यांना कळवलं होतं, सावध रहा. कशापासून, ते त्यांनाही नीट सांगता आलं नव्हतं.

दहा वाजले. आवटी लॅपटॉपसमोर बसले होते.

गेली पाच वर्षं नवमीला या वेळी तो लॅपटॉप बंद असायचा. दहाला दहा मिनिटं कमी असताना शैलजा यायची, त्यांच्या हाताखालून तो मिटायची आणि कात्रीशेजारी पाटावर ठेवायची. "बास आता. त्याला दीड तास झोपू द्या. कामं काय पळून जातात?" मग दोघं स्कूटरवरून शीतगृहात प्रसादाला जायचे. या वर्षी पाट मांडलेला नव्हता. मिटणारं कुणी नव्हतं.

पडद्यावर सिद्धराजचे आकडे दोन रांगांत यायचे. पहिली रांग प्लांटच्या संगणकाची. दुसरी 'काना'ची. कान म्हणजे काडेपेटीएवढं एक यंत्र, आवटींनी स्वतः बनवलेलं. ते छताखालच्या मुख्य पाइपला पट्ट्याने बांधलं होतं. दाब वाढला की लोखंडी पाइपसुद्धा केसाहून कमी ताणला जातो. तो ताण कान मोजायचा आणि स्वतःच्या बॅटरीवर, स्वतःच्या सिमकार्डावरून पाठवायचा. प्लांटच्या एकाही तारेशी त्याचा संबंध नव्हता.

दहा बाराला पहिली रांग म्हणाली, तेरा किलो दाब. दुसरी म्हणाली, सोळा.

आवटी पुढे सरकले. सतरा.

हात फोनकडे गेला नाही. कारण जुलैत असंच झालं होतं. कान ओरडला, आवटींनी फोन करून प्लांट थांबवायला लावला, बेदाण्याला घाम सुटला, आणि शेवटी निघालं काय, तर कानाचा पट्टा सैल झालेला. तो पट्टा आवटींनीच बांधला होता, शैलजाच्या जाण्यानंतरच्या दिवसांत. मालक बापूसाहेब खराडे भला माणूस, रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आवटी, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या." ते रागावण्याहून जास्त लागलं होतं. यंत्रघराची किल्ली आता मुक्ताकडे असली तरी, आवटींच्या फोनवरून काही बंद करायचं नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं.

एकोणीस.

पट्टा सैल असेल तर आकडा उड्या मारतो. हा एकेक पायरी चढत होता. आवटींनी पहिली रांग नीट पाहिली. तेरा पूर्णांक शून्य चार. तेरा पूर्णांक शून्य सात. तेरा पूर्णांक शून्य दोन. हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. आठ महिने ते दिवसभर या आकड्यांसमोरच बसत होते, दुसरं करायला काही नव्हतं. त्यांनी कालची नोंद उघडली. काल, दहा बारा: तेरा पूर्णांक शून्य चार, शून्य सात, शून्य दोन.

कालचेच आकडे. जसेच्या तसे. खरं यंत्र दोन दिवस दशांशापर्यंत सारखं चालत नाही. कुणीतरी प्लांटच्या संगणकाला कालचा दिवस परत दाखवत होतं, आणि पडद्यामागे आजचा चालवत होतं.

पण मग पहाऱ्याने अडवलं का नाही?

आणि त्यांना पाच वर्षांच्या पाच नवम्या एकदम दिसल्या. यंत्रघरात झेंडूची माळ घातलेले कॉम्प्रेसर. पुढच्या पाटावर पाने, पक्कड, सगळ्यांचे फोन. आणि मधोमध पहाऱ्याची काळी पेटी, कुंकवाचा टिळा लावलेली, दिवे मालवलेली. आज हत्याराला हात लावायचा नाही. दीड तास विश्रांती. ते स्वतः तिथे उभे होते, टाळ्या वाजवत, शैलजाच्या शेजारी. त्यांनी ते पाहिलं होतं आणि कधी 'बंद' म्हणून पाहिलंच नव्हतं. पूजा ती पूजा. तिला कुणी बंद म्हणतं का?

मीटरने तेवढंच पाहिलं होतं. दरवर्षी एकच दीड तास, पहाऱ्याची वीज शून्य.

बावीस.

मुक्ताचा फोन बंद. बापूसाहेबांचा बंद. मेकॅनिकचा बंद. सगळे ताटात.

काय चाललंय ते आता उघड होतं. थंड पाइपांवर बर्फ साठतं, ते वितळवायला अधूनमधून गरम वायू सोडतात. त्या वेळी पाइपातल्या पातळ अमोनियाला वाट मोकळी लागते. दोन्ही टोकांच्या झडपा बंद करून गरम वायू सोडला, तर अमोनिया फुगतो, जायला जागा नसते, पाइप फुटतो. त्या टप्प्यात दाब सोडणारी झडप नव्हती. दोन्ही टोकं एकदम बंद होऊ द्यायची नाहीत, हे पहाऱ्याचं काम होतं. जोड चाळीस किलोपर्यंत टिकला असता. आणि तो पाइप यंत्रघराच्या छताखालून जात होता. खाली साठएक माणसं, बायकामुलांसकट, दार लावून आरती म्हणत होती.

घरापासून प्लांट चौदा किलोमीटर. पोहोचून उपयोग नव्हता.

गेटवर एक जुना लँडलाईन होता. त्याला कुणी हत्यार समजत नसे.

चौदाव्या घंटीला फोन उचलला. "हॅलो, शिद्धराज. कोन बोलतंय?"

हा मारुती घोडके. गेटवरचा रखवालदार, साठीचा.

"मारुतीअण्णा, आवटी बोलतोय. नीट ऐका. यंत्रघरात जा आणि मेन स्विच खाली ओढा. लाल दांडा. आत्ता."

 पलीकडून सावकाश आवाज आला. "सायेब, तब्येत बरी हाय न्हवं?"

"अण्णा, पाइप फुटणार आहे."

"जुलैमदीबी फुटनार हुता की."

"तेव्हा माझी चूक झाली. आज चूक नाही."

"बापूसायेबांनी सांगितलंय, आवटीसायेबांचा फोन आला तर आधी मला इचारा. त्ये आरतीला उभं हायती. आरती मोडून कसं इचारू? आन त्या दांड्याला तर माळ घातलीया. आज त्येला हात लावत न्हाईत, तुमाला काय म्या सांगायचं?"

सव्वीस.

आवटींनी डोळे मिटले. ओरडावंसं वाटलं. ओरडून हा माणूस हलणार नव्हता. ओरडणारा माणूस त्याने जुलैत पाहिला होता.

"अण्णा, आत कोण कोण आहे तुमचं?"

"सून हाय. दोन नाती हायती. का?"

"माझी मुक्ता आहे. अण्णा, माझं खोटं ठरलं तर माझं काम तुमच्या बापूसाहेबांनी काढून घ्यावं. लोक म्हणतील, बायको गेल्यापासून म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणू देत. पण मी भ्रमिष्ट नाही असं धरून फक्त पाच मिनिटं चाला. पाच मिनिटांनी परत मला वेडा म्हणा."



"खरंच हाय का सायेब?"

"खरंच आहे. मोठं दार उघडा, मुक्ताला एवढंच सांगा: बाबा म्हणाले, लाल दांडा. तिला कळेल. आणि सगळ्यांना बाहेर काढा, वाऱ्याच्या उलट, रस्त्याकडे. रिसीव्हर टेबलावर ठेवा, बंद करू नका."

रिसीव्हर लाकडावर आपटला. चपलांचा आवाज लांब गेला.

एकोणतीस.

आता आवटींना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन कानाला, डोळे आकड्यावर. लांबून आरती ऐकू येत होती, टाळ, टाळ्या, कुणाचा तरी वरचा सूर. तो सूर बहुतेक बापूसाहेबांचा. एकतीस. मारुती पोचला असेल का? त्याचा गुडघा दुखायचा. तेहतीस. आरती चालूच. लोक रागावले असतील, त्याला गप्प करत असतील. आवटींना सकाळची हिरवी साडी दिसली. कात्री द्यायला काय झालं होतं? एक कात्री. पस्तीस.

छत्तीस.

आरती थांबली.

एकदम थांबली नाही. आधी टाळ थांबले, मग बायका, आणि शेवटी एक म्हातारा आवाज एकटाच अर्धी ओळ पुढे गेला. मग कुणीतरी ओरडलं. मग काहीच नाही. पहिली रांग पडद्यावरून गेली, प्लांटची वीज गेली होती. दुसरी रांग तेवढी उरली. सदतीस.

वीज गेली की दोन्ही टोकांच्या झडपा आतल्या स्प्रिंगने आपोआप उघडतात. तशाच झडपा बसवा, असं आवटींनी पहिल्याच वर्षी भांडून लिहून घेतलं होतं. उघडायला सहा सेकंद लागतात.

सदतीस. सदतीस.

चौतीस.

अठ्ठावीस.

फोनमध्ये पावलं आली, खूप, धावणारी, मुलांचं रडणं, मग रिसीव्हर उचलला गेला. "बाबा?" मुक्ताला धाप लागली होती. "बाबा, वास आला. जोडापाशी थोडा गळला. पण जोड धरून आहे. सगळे बाहेर आहेत. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," आवटी म्हणाले. त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

ते पोचले तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला, सणाच्या कपड्यांत, उन्हात बसले होते. मुक्ताच्या उजव्या तळव्याला कुंकू आणि चुरगळलेला झेंडू चिकटलेला होता. बापूसाहेब उठून पुढे आले. त्यांनी हात जोडले.

"मला नका जोडू," आवटी म्हणाले. "पूजेला पाच वर्षं मी तुमच्या शेजारी उभा होतो. यादीत लिहिलं का मी? नाही लिहिलं."

"आम्हालाच कुठं सुचलं? पहारा बंद असतो का, असं विचारलं की आम्ही कधीच नाही म्हणायचो."

"हात मारुतीअण्णांना जोडा," मुक्ता म्हणाली. "आत आले ते सरळ दांड्याकडे. माझं नाव घ्यायलाही थांबले नाहीत. माळेला हात लावताना मात्र घाबरले, 'बाबा म्हणाले' एवढंच बोलले, म्हणून मी ओढला."

मारुती लांब कठड्यावर नातीला मांडीवर घेऊन बसला होता. तिथूनच ओरडला, "पाच मिनिटं झाली की वो सायेब! आता येडं म्हनू का?"

लोक हसले. आवटीही हसले, आणि हसताना त्यांना रडू आलं, ते कुणी पाहिल्याचं दाखवलं नाही.

बारा दिवसांनी सांगलीहून पोलिसांच्या सायबर शाखेच्या उपनिरीक्षक तबस्सुम मुल्ला घरी आल्या. चोरांचा एक संगणक सापडला होता, आणि त्यात सिद्धराजचा नकाशा. त्यांनी कागद टेबलावर पसरले. मुक्ता आवटींच्या खुर्चीमागे उभी होती.

"सर, यांनी प्लांटसोबत तुमचं घरही नकाशात घेतलं होतं. काना-बिनाची त्यांना माहिती नव्हती. पण पहारा झोपलेला असताना प्लांटकडे बघणारं आणखी कुणी आहे का, ते त्यांनी तपासलं. त्यात तुम्ही सापडलात. म्हणून तुमचेही तास मोजले." त्यांनी बोट ठेवलं. "एका गोष्टीचा मात्र मला अर्थ लागत नाही. नवमीला तुमचा लॅपटॉप बंद असणार याची त्यांच्या यंत्राला खात्री होती. शंभरात अठ्ठ्याण्णव. मग ते चुकलं कसं?"

आवटींनी चष्मा लावला. कागदावर त्यांचं घर होतं. घरातली माणसं: दोन. पहिलं माणूस उशिरा उठतं, टेबलापाशी बसतं. दुसरं माणूस: पाच चाळीसला गिझर, रोज, खंड नाही. शिलाई यंत्र: फेब्रुवारीपासून बंद. त्यापुढे यंत्राने आपला अंदाज लिहिला होता: दृष्टी कमी झाली असावी. आणि शेवटच्या ओळीत: नवमी, नऊ पन्नास, लॅपटॉप बंद होईल. घर रिकामं होईल.

आवटींनी ती ओळ दोनदा वाचली. तो लॅपटॉप कुणाच्या हाताने बंद व्हायचा, ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

"यंत्र चुकलं नाही मॅडम," ते म्हणाले. "त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"काय?"

"ती गेली ते."

तबस्सुमबाईंचं पेन थांबलं. मुक्ताने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिला कळलं.

मुल्ला गेल्यावर दोघं टेबलापाशी बसले. आवटींनी सगळ्या कंपन्यांसाठी नवं पत्र लिहायला घेतलं होतं. धोका क्रमांक चव्वेचाळीस. पूजा करा, पण पहाऱ्याला टिळा चालू असताना लावा. आणि ठरलेल्या वेळा बदला. जी सवय तुम्हाला स्वतःला दिसत नाही, ती आधी बदला.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "गिझरचं राहू द्या हवं तर. त्यानंच वाचवलं आपल्याला."

"नाही. पत्रात लिहायचं आणि घरात करायचं नाही, असं चालत नाही."

"मी काढू ती वेळ?"

"मी काढतो."

त्यांना चष्मा पुसावा लागला. बटणं बारीक होती, वेळ तिने लावलेली. तीन वेळा दाबल्यावर पाच चाळीस गेले आणि तिथे शून्यं आली. मग त्यांनी कपाट उघडलं, कात्री काढली, जुन्या रुमालात गुंडाळली आणि मुक्ताच्या पर्समध्ये ठेवली. "तुझ्याकडे असू दे. पुढच्या वर्षी मी येईन पूजेला."

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा अजून अंधार होता. ते पडून राहिले, कान देऊन. बाथरूममधून काहीच आवाज आला नाही. घड्याळात पाच चाळीस झाले, पंचेचाळीस झाले.

मग ते उठले, स्वतःच्या हाताने गिझरचं बटण दाबलं, आणि पाणी तापेपर्यंत दारात उभे राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गरम पाण्याने अंघोळ केली.